घरच्यांच्या हातचं पत्र

कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाच्या सेक्रेटरींचं पत्र आलं तेव्हा श्यामराव बेपत्ता होऊन चार महिने झाले होते. पत्र अगदी रीतसर होतं. १९८८ साली कॉलेजला पंचवीस वर्षं पूर्ण होतात, त्यानिमित्त सगळ्या माजी विद्यार्थ्यांची यादी पुस्तकरूपानं छापायची आहे, श्यामरावांचं अपुरं राहिलेलं काम आपण पुरं करावं आणि सुरुवातीला त्यांच्याविषयी दोन पानं लिहून द्यावीत. लेखाचं नावही त्यांनीच ठरवून टाकलं होतं : ‘कै. श्यामकांत निगुडकर – काही आठवणी’.

माझं डोकंच फिरलं. तसं ते फिरायला फार काही लागत नाही, हे आमच्या सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत शिपायापासून डायरेक्टरांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी कारण होतं. ‘कै.’ हे एक अक्षर लिहायला ज्या माणसाचा हात महिनोन् महिने उठत नसे, त्याच्याच नावाआधी ते टाइप करून सेक्रेटरी मोकळे झाले होते. मी पत्र चुरगळलं, मग पुन्हा सरळ केलं आणि खिशात घालून श्यामरावांच्या पत्नीकडे, वसुधावहिनींकडे गेलो. कारण विचारायचं तर त्यांनाच.

पण आधी श्यामराव कोण ते सांगायला हवं.

कृष्णाकाठच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले ते. मी त्यांच्यानंतर सहा वर्षांनी. १९७३ साली इंटरव्ह्यूसाठी मी चंदीगडला पहिल्यांदा उतरलो, तेव्हा या शहरात माझ्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. हिंदी सिनेमापुरती येत होती, पंजाबी तेवढीसुद्धा नाही. फलाटावर एक किडकिडीत चष्मेवाला माणूस खोक्याचा पुठ्ठा छातीशी धरून उभा होता. पुठ्ठ्यावर आमच्या कॉलेजचं नाव, मराठीत. मी जवळ गेलो तर नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाले, “विनायक सरवटे ना? ब्लॉक दोन, खोली अठरा. त्या खोलीची खिडकी लागते का रे आता?”

“नाही लागत,” मी म्हणालो.

“आमच्या वेळीही लागत नव्हती,” असं म्हणून त्यांनी माझी ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधली. स्टेशन ते सेक्टर तीस आम्ही चालत आलो. मी येतोय हे त्यांना कोणी कळवलं, तर कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कनं. उत्तरेकडे कोणी निघालं की चंदीगडला पत्र टाकायचं, अशी त्या बिचाऱ्याला श्यामरावांनी सवयच लावून ठेवली होती.

घरी वसुधावहिनींनी पान वाढलं होतं. मटकीची उसळ, भाकरी, ताक. मी हॉटेलात जेवून आलो असतो तर श्यामरावांनी मला माफ केलं नसतं, हे मला नंतर कळलं. त्यांचा नियमच होता : आपल्या कॉलेजचा माणूस चंदीगडात आला की त्याचं पहिलं जेवण निगुडकरांकडे. मग तो इंटरव्ह्यूवाला असो, बदलीवर आलेला फौजी असो, नाहीतर सिमल्याला हनीमूनला निघालेलं जोडपं असो. त्या जोडप्यांची मला दया यायची. एवढ्या लांब येऊन बिचाऱ्यांना मेसमधल्या ताकाच्या गोष्टी ऐकाव्या लागायच्या.

कॉलेजनं या माणसाला काय दिलं होतं? सेकंड क्लास. तोही एका विषयात गटांगळी खाऊन. मी एकदा तसं तोंडावर म्हणालोही. त्यावर ते चिडले नाहीत. दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचे वडील गेले होते. शिक्षण सोडून ते ट्रंक भरत होते, तेव्हा मेसमधल्या पोरांनी त्यांना वार लावून दिले. पूर्वी गरीब विद्यार्थी सात घरी सात वार जेवायचे, तसं. सोमवारी या टेबलावरचा एक मुलगा आपल्या पानातलं अर्धं द्यायचा, मंगळवारी त्या टेबलावरचा. तीन वर्षं. “सोमवारी मटकी असायची,” एवढंच श्यामराव म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

त्यांचं खरं काम मात्र घरी चालायचं. प्रयोगशाळेत ते भिंगं घासण्याच्या विभागात होते, आणि हात सोन्याचा होता. पण पाच वाजता घरी आले की पलंगाखालून बुटांचे चार खोके निघायचे. त्यांत कार्डं. कॉलेजातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचं एक. नाव, रोल नंबर, ब्लॉक, खोली, पत्ता, नोकरी आणि सगळ्यांत खाली त्या माणसाविषयी एक ओळ. ‘परीक्षेच्या आदल्या दिवशी केस कापायचा.’ ‘बहिणीचं पत्र आलं की दार लावून वाचायचा.’ माझ्या कार्डावर लिहिलं होतं, ‘लवकर चिडतो, लवकर विसरतो.’ दर महिन्याला पन्नाससाठ पोस्टकार्डं जायची. उत्तरं आली की पत्ते बदलायचे. वर्षातून एकदा ते सायक्लोस्टाइल केलेली यादी सगळ्यांना पाठवायचे.

“माझी सवत कृष्णेकाठी राहते, भावजी,” वहिनी मला म्हणायच्या. “आणि बघा, हिला म्हातारपण म्हणून नाही.”

आता तो ‘कै.’चा नियम. १९७९च्या यादीत श्यामरावांनी त्यांच्याच तुकडीच्या हेरंब वाटवेच्या नावाआधी कै. लावलं. एका लग्नात कोणीतरी सांगितलं होतं. गेला होता तो दुसराच एक वाटवे. यादी निघाली आणि हेरंबच्या घरी सांत्वनाची एकोणीस पत्रं आली. हेरंबनं ती सगळी स्वतः वाचली आणि श्यामरावांना पोस्टकार्ड टाकलं : ‘मी वारल्याचं आपल्याकडून समजलं. फार वाईट वाटलं.’ आम्ही हसून हसून लोळलो. पण पहिलं पत्र आधी हेरंबच्या हाती पडलं नव्हतं. तो तेव्हा सुरतेला नोकरीला होता आणि ते पत्र मिरजेला त्याच्या आईनं फोडलं होतं. म्हातारीनं तिथंच अंथरूण धरलं. मुलगा समोर येऊन उभा राहिला तरी ती त्याच्या चेहऱ्याला हात लावून बघायची.

श्यामराव दोन दिवस गाडीत बसून मिरजेला गेले, तिच्या पायाशी बसले. ती म्हणाली, “अरे, असं लिहिताना आधी घरच्यांना विचारावं.” एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं, असं ते म्हणायचे.

तेव्हापासून यादीच्या शेवटच्या पानावर चौकटीत एक सूचना यायला लागली : ‘निधनाची वार्ता घरच्या व्यक्तीनं स्वतःच्या हातानं लिहून टपालानं कळवावी. ऐकीव बातमी घेतली जाणार नाही.’ खाली पत्ता त्यांचाच. असं पत्र आल्याशिवाय ते कोणालाही मारत नसत. मग प्रेतयात्रेला स्वतः गेलेला माणूस सांगत असला तरी. आणि पत्र आलं, तरी कार्डावर नाव शाईनं असायचं आणि कै. पेन्सिलीनं. “शाई खोडता येत नाही,” म्हणायचे. त्यांच्या नियमांची आम्ही यथेच्छ टिंगल करायचो.

आणि याच माणसाला मी १९८७च्या नोव्हेंबरात सांगितलं की विलास बाबर गेला.

विलास साताऱ्याकडचा, आमच्याच कॉलेजचा, लुधियान्याला सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्या दिवसांत रोज सकाळी पेपर उघडला की आधी आकडा दिसायचा. आज सात, काल अकरा. बसस्टँडवर वाळूची पोती रचलेली, नाक्यानाक्यावर झडती. प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये लुधियान्याहून आलेला एक जण सांगत होता की तिथं बाजारात गोळीबार झाला आणि त्यात ‘कोई मराठा इंजिनिअर’ गेला. मी चहा पिता पिता हिशेब जुळवला आणि संध्याकाळी श्यामरावांना जाऊन सांगितलं. विलासला पाठवलेली त्यांची दोन पोस्टकार्डं आधीच परत आली होती. यादी डिसेंबरात छापायला द्यायची होती.

शनिवारी ते माझ्या घरी आले. म्हणाले, “उद्या लुधियान्याला जाऊन येऊ. सकाळची बस, संध्याकाळी परत.”

“श्यामराव, पेपर वाचता ना तुम्ही? एका नावासाठी कोणी पंजाबात जातं का आत्ता? लावा कै. आणि व्हा मोकळे.”

“आणि जिवंत असला तर?”

“तर लिहील की पोस्टकार्ड. वाटव्यानं लिहिलं तसं.”

ते हसले नाहीत. “वाटव्याच्या आईनं नव्हतं लिहिलं,” म्हणाले.

मग मी थाप मारली. उद्या प्रयोगशाळेत जायचंय, व्हॅक्यूम पंप बिघडलाय. पंपाला काही झालेलं नव्हतं. रविवारी मी नऊपर्यंत झोपलो आणि मग लॉनवर ऊन खात शेंगा फोडत बसलो. दुपारी बायकोनं विचारलं, श्यामराव गेले का हो एकटेच? मी म्हणालो, जाऊ दे, हट्टी माणूस आहे. हे मी तेव्हा कोणालाही सांगितलं नाही. वहिनींनाही नाही.

त्या रविवारी काय झालं, त्यातलं अर्धं आम्हाला विलासनं सांगितलं. हो, विलास जिवंत होता. त्यानं फक्त घर बदललं होतं. श्यामराव जुन्या पत्त्यावर गेले, मग कारखान्याच्या फाटकावर, तिथून एका इस्त्रीवाल्याकडे. विचारत विचारत दोन वाजता त्याच्या दारात उभे राहिले. “दार उघडलं तर मला धरून नुसते हसायलाच लागले,” विलास सांगत होता आणि रडत होता. “मला कळेना, काय झालंय. जेवले. मी म्हणालो, मुक्काम करा, उशीर नका करू. तर म्हणाले, नाही, वसुधा जेवायची थांबेल. चारच्या बसमध्ये मी स्वतः बसवून दिलं त्यांना.”

ती बस वाटेत कालव्याच्या पुलाजवळ दोघातिघांनी अडवली. लोकांना खाली उतरवलं. मग गोळ्या सुटल्या. अंधार पडत होता. जे पळू शकले ते उसात पळाले, काही कालव्याकडे पळाले. सहा माणसं जागीच गेली. त्या सहांत श्यामराव नव्हते. जखमींत नव्हते. उसात लपून सकाळी बाहेर आलेल्यांतही नव्हते.

मी काय नाही केलं? तीन इस्पितळं झाली. प्रेतं ठेवतात त्या खोल्यांत, नाकाला रुमाल लावून, एकेक चेहरा बघितला. विलास आणि मी कालव्याच्या कडेनं दोन दिवस चाललो. ठाण्यात श्यामरावांचा फोटो दाखवला, तो इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतला, हातात आरतीचं तबक घेतलेला. ठाणेदार भला माणूस होता. त्यानं चहा मागवला. म्हणाला, “साब, नहर तो बहुत आगे तक जाती है. हम कहाँ तक देखें?” मी त्याच्यावर ओरडलो. तो ऐकून घेत राहिला. त्याच्या बाकावर माझ्यासारखे आणखी चार जण बसले होते, फोटो घेऊन.

बसमध्ये श्यामरावांची शबनम तेवढी सापडली. आत मफलर, लेकीसाठी, सुमेधासाठी घेतलेली रेवडी आणि विलासचं कार्ड. बसमध्ये बसल्या बसल्या लिहिलं असणार, अक्षर हललेलं होतं. ‘विलास बाबर. हयात.’ खाली नवा पत्ता आणि त्याखाली ओळ : ‘अजून तसाच मोठ्यानं हसतो.’

तर सेक्रेटरींचं पत्र घेऊन मी वहिनींकडे गेलो, ते असं. अडतीस वर्षांची बाई. डायरेक्टरांनी त्यांना लायब्ररीत काम दिलं होतं, क्वार्टरही राहू दिलं होतं. सरकारी कागदांवर श्यामराव ‘लापता’ होते. सात वर्षं गेल्याशिवाय कायदा त्यांना मेलेलं मानणार नव्हता. बायको तरी कशी मानणार?

त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

“भावजी, तुम्हाला घरच्यांच्या हातचं पत्र मिळालंय का?”

“कुठलं पत्र?”

“यांचं. घरचं माणूस म्हणजे मीच ना? मी लिहिलंय का तुम्हाला काही?”

“नाही, वहिनी.”

“मग?”

सुमेधा दारात उभी राहून ऐकत होती. पंधरा वर्षांची पोर, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत द्यायची. त्या दिवशी कुठल्याच भाषेत काही बोलली नाही. वहिनींनी पलंगाखालून चारही खोके ओढून माझ्यासमोर ठेवले. म्हणाल्या, “यादी करा. त्यांच्या नियमानं करा.”

मी केली. दर रविवारी त्यांच्याकडे बसून, चार महिने. ‘नि’च्या पानावर ‘श्री. श्यामकांत निगुडकर’ असं लिहिलं, पुढं सेक्टर तीसचा पत्ता आणि त्याखाली दर वर्षी असायचं ते वाक्य : ‘चंदीगडला येणाऱ्यांनी पहिलं जेवण आमच्याकडे घ्यावं.’ शेवटच्या पानावरची चौकटही तशीच ठेवली. आठवणींचा लेख पाठवला नाही. सेक्रेटरींना कळवलं की ज्या माणसाच्या निधनाचं पत्र आलेलं नाही त्याच्या आठवणी छापायची आपल्याकडे रीत नाही. त्यांनाही वाद घालणं जड गेलं असावं. पुस्तक निघालं. मला वाटलं, आपण वहिनींचा मान राखला. श्यामरावांचाही राखला. फार शहाणपण केलं असंच वाटत होतं मला.

मग लोक यायला लागले.

पुस्तक अकराशे घरांत गेलं होतं आणि त्यात छापलं होतं की श्री. श्यामकांत निगुडकर चंदीगडला राहतात आणि जेवायला बोलावतात. पहिला आला तो हवाईदलातला एक फ्लाइट लेफ्टनंट. मग प्रयोगशाळेत सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला आलेले दोघे. मग एक सेवानिवृत्त प्राध्यापक सपत्नीक, नैनादेवीला निघालेले. सगळे घंटी वाजवायचे आणि विचारायचे, “निगुडकर आहेत का?”

“बाहेरगावी गेलेत,” वहिनी म्हणायच्या. “या ना, हातपाय धुवा.”

आणि सुमेधाला माझ्याकडे पिटाळायच्या. मी जाऊन श्यामरावांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसायचो आणि खिडकीच्या, ताकाच्या त्याच गोष्टी सांगायचो, कारण आलेल्या माणसाला त्या ऐकायच्याच असायच्या. मटकीची उसळ असायचीच. वहिनी वाढायच्या, आग्रह करायच्या. पाहुणा निघाला की म्हणायच्या, “ते असते तर सोडायला आले असते.” ‘असते तर’ म्हणजे काय, ते पाहुण्याला कळायचं नाही. मला तेवढंच कळायचं. मी उठून खरं सांगू शकलो असतो. पण सांगायचा अधिकार माझा नव्हता, आणि गप्प बसायची लाजही सोसवत नव्हती. दीड वर्षात असे चौदा जण जेवून गेले.

पंधरावी आली ती हेरंब वाटवेची मुलगी.

१९९०चा फेब्रुवारी, रविवार, दुपारचे बारा. मी कार्डं बघत वहिनींकडेच बसलो होतो. पद्मिनी नाव तिचं. नवीन लग्न झालेलं, नवरा फौजेत कॅप्टन, बदली जवळच्याच चंडीमंदिर छावणीत. तो आल्या आल्या ड्यूटीवर गेला होता आणि ही एकटी रिक्षा करून पत्ता शोधत आली होती. हातात मिरजेच्या पेढ्यांचा पुडा.

“बाबांनी पहिल्या दिवशीच जायला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “काका कुठायत?”

“बाहेर गेलेत,” वहिनी म्हणाल्या. का कोण जाणे, त्या दिवशी ‘बाहेरगावी’ म्हणाल्या नाहीत. “बस ना, पान वाढते.”

“नको काकू, थांबते मी. काकांना नमस्कार केल्याशिवाय पानावर बसायचं नाही, असं बाबांनी बजावलंय. बाबा म्हणतात, माझ्या आजीची क्षमा मागायला जो माणूस दोन दिवस गाडीत बसून आला, त्याच्याआधी आपण जेवायचं नाही.”

वहिनींनी आत जाऊन गॅस बारीक केला.

एक वाजला. दीड वाजला. पोरगी आनंदानं बोलत होती. सकाळपासून नुसत्या चहावर होती हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. मी म्हणालो, अगं, त्यांना उशीर होईल, तू घे जेवून. ती म्हणाली, होऊ दे उशीर. मग हसत हसत म्हणाली, “तुम्हाला माहितीये काका, मध्ये बाबांच्या कानावर काहीतरी वेडंवाकडं आलं होतं निगुडकरकाकांबद्दल. बसचं काहीतरी. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मग यादीचं पुस्तक आलं, त्यात श्री. होतं. बाबा आईला म्हणाले, निगुडकरची यादी आहे ही, ती खोटं बोलणार नाही.”

ती यादी मी केली होती.

अडीच वाजले, तीन वाजले. वहिनी दोनदा बाहेर आल्या, दोनदा तोंड उघडलं आणि परत आत गेल्या. उसळ तिसऱ्यांदा गरम झाली. पद्मिनी दर थोड्या वेळानं फाटकाकडे बघत होती. सायकलची घंटी वाजली की उठून उभी राहायची. मी नुसता बसून होतो. माझ्यासारखा तोंडाळ माणूस, ठाणेदारावर ओरडलेला, त्या दिवशी एका उपाशी मुलीला दोन शब्द सांगू शकत नव्हता.

चार वाजता सुमेधा आतल्या खोलीतून बाहेर आली. दीड वर्ष ती या जेवणांच्या वेळी दार लावून अभ्यास करायची. ती सरळ पद्मिनीसमोर जाऊन उभी राहिली.

“पापा नहीं आएँगे, दीदी. सवा दो साल हो गए. वो नहीं आएँगे. आप खाना खा लो.”

पद्मिनीनं आधी माझ्याकडे बघितलं. मी सतरंजीकडे बघत राहिलो. मग तिनं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वहिनींकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती उठली, वहिनींना वाकून नमस्कार केला आणि पाटावर जाऊन बसली.

“जेव बाळ,” वहिनी म्हणाल्या. “पहिलं जेवण आहे.” त्यांनी वाढलं. ताक सांडलं. पोरगी मान खाली घालून जेवली, पानात काही टाकलं नाही. त्या दिवशी कोणीही रडलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीसारखा गेलो. खरं तर जायची हिंमत नव्हती, पण न जाण्याचीही नव्हती. वहिनी पुढच्या खोलीत बसल्या होत्या. चारही खोके पलंगाखालून काढून ठेवले होते.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “यांचं टपाल आलंय.”

त्यांनी पोस्टकार्ड पुढं केलं. वर पत्ता होता : श्री. श्यामकांत निगुडकर, माजी विद्यार्थी यादी, सेक्टर ३०, चंदीगड. शिक्का चंदीगडचाच, गुरुवारचा. अक्षर वहिनींचं. यादीच्या शेवटच्या पानावर चौकटीत लिहिलेलं होतं, घरच्यांनी स्वतःच्या हातानं लिहून या पत्त्यावर टपालानं कळवावं. म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकलं होतं, आणि दोन दिवसांनी पोस्टमननं ते आणून त्यांच्याच हातात दिलं होतं. मी मागं वळवून वाचलं.

‘सा. न. वि. वि. आपल्या यादीतील श्यामकांत निगुडकर, पहिली तुकडी, हे १५ नोव्हेंबर १९८७ रोजी वारले. मी त्यांची पत्नी. हे पत्र माझ्या हातानं लिहिलं आहे. तरी नियमाप्रमाणे नोंद व्हावी. पत्ता बदलू नये. आपल्या कॉलेजचं कोणी आलं तर जेवायला यावं. कळावे, सौ.’ इथं ‘सौ.’ खोडलं होतं आणि नुसतं ‘वसुधा’ लिहिलं होतं.

मी त्यांना म्हणालो, “वहिनी, त्या रविवारी मला काही काम नव्हतं. पंपबिंप काही नव्हता. मी घरी बसलो होतो. आणि विलासची बातमीसुद्धा मीच आणली होती.”

त्या म्हणाल्या, “मला माहितीये. तुमच्या बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं.” आणि पहिल्या खोक्यातून एक कार्ड काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

श्यामकांत निगुडकर. रोल नंबर ७. ब्लॉक एक, खोली चार. सगळ्यांत खाली त्यांनी स्वतःविषयी लिहिलेली ओळ : ‘सातही वार जेवला.’

मी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं. नावाआधी जागा होती. ती त्यांनी सगळ्यांच्याच नावाआधी सोडलेली असायची.

वहिनींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. दुसऱ्या हातात पेन्सिल होती, टोक काढून ठेवलेली.

“पेन्सिलीनं, भावजी,” त्या म्हणाल्या. “शाई खोडता येत नाही.”

मी पेन खिशात ठेवलं आणि पेन्सिल घेतली.